धुळीचें गांव कोणतें?

घरांतील केर काढणाऱ्या गृहिणीस "ही धूळ येते तरी कोठून?" असें विचारलें, तर ती बहुधा खिडकीकडे बोट दाखवील. उत्तर खोटें नाहीं. पण खिडकीच्या पलीकडे रस्ता असतो, रस्त्याच्या पलीकडे गांवाची वेस, वेशीच्या पलीकडे समुद्र, आणि समुद्राच्याहि पलीकडे कोणाचा तरी किनारा असतो. यांपैकीं धुळीचें खरें गांव कोणतें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत रविवार ता. २३ जानेवारी २०२२ रोजीं उभा राहिला असेल.

त्या दिवशीं मुंबई, ठाणें, पुणें इकडील लोक पाहतात तों आकाश पांढुरकें झालेलें, सूर्य चंद्रासारखा निस्तेज, वारा बोचरा, आणि अंगणांतल्या तुळशीच्या पानांपासून रस्त्यावरील मोटारींच्या टपांपर्यंत सर्वत्र पिठासारखी बारीक पूड बसलेली. दोरीवरचे कपडे पुन्हां धुवावे लागले. ज्या घरांत दम्याचें माणूस होतें, त्या घरांत दारें-खिडक्या लावून बसण्याची पाळी आली. कोणी शेजारच्या बांधकामाला दोष दिला, कोणी खणून ठेवलेल्या रस्त्याला. परंतु या खेपेस मुख्य अपराधी ते नव्हते. ती धूळ आदल्या दिवशीं, सुमारें ९०० किलोमीटर दूर असलेल्या कराची शहरावरून गेली होती. वायव्येकडील रुक्ष प्रदेशांत जोराचा वारा सुटला. त्यानें तेथील माती उचलली, आणि सौराष्ट्र व अरबी समुद्र ओलांडून ती आमच्या दारीं आणून टाकली.

हें आम्हांस कसें कळलें? वाटेंत तर अथांग समुद्र. तेथें धुळीला पाहणारें कोण होतें? उत्तर असें कीं, ती निघाल्यापासून तिच्यावर आकाशांतून पाळत होती. पृथ्वीभोंवतीं फिरणाऱ्या उपग्रहांनीं तिच्या प्रवासाचीं चित्रें घेतलीं होतीं. या पाळतीची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती मनोरंजक तर आहेच. पण तिच्या शेवटीं एक असा प्रश्न उभा राहतो, कीं ज्याचा संबंध राष्ट्राराष्ट्रांतील न्यायाशीं आणि घरोघरच्या श्वासाशीं पोंचतो.

दूरदेशींच्या धुळीचा माग काढण्याचा उद्योग तसा जुना आहे. इ. स. १८३२ च्या जानेवारींत चार्लस डार्विन 'बीगल' जहाजावरून आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्द बेटांपाशीं आला, तेव्हां तेथील हवा धुरकट होती. जहाजाच्या डोलकाठीच्या टोंकाशीं वाऱ्याची दिशा दाखविणारें विरळ कापडाचें निशाण होतें. त्या कापडांतून वारा जणूं गाळला जाऊन तपकिरी धूळ मागें राहिली होती. डार्विननें ती जपून ठेवली, आणि पुढें धुळीच्या पांच लहान पुड्या बर्लिन येथील एरेनबेर्ग या प्राध्यापकाकडे तपासावयास पाठविल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांत ६७ प्रकारचे जीवावशेष आढळले. आणि नवल असें कीं, भर समुद्रांत पडणाऱ्या त्या धुळींतील सूक्ष्म जीव, दोन प्रकार वगळतां, सारे गोड्या पाण्यांतले होते! वाऱ्याची दिशा व ऋतु यांवरून डार्विननें ही धूळ आफ्रिकेची असें ठरविलें. तथापि खास आफ्रिकेचा म्हणून ओळखतां येईल असा एकहि जीव एरेनबेर्गला तींत सांपडेना. वाऱ्याची साक्ष एक आणि सूक्ष्मदर्शकाची दुसरी, असा हा पेंच होता. शिवाय, धूळ वाळवंटाची असेल तर तींत तळ्यांतले जीव आले कोठून? वाचकांनीं हें कोडें ध्यानांत ठेवावें. त्याचें उत्तर पुढें यावयाचें आहे.

यानंतर सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें, १९६५ सालीं, जोसेफ प्रॉस्पेरो या अमेरिकन शास्त्रज्ञानें कॅरिबियन बेटांपैकीं बार्बाडोस येथें हवेंतील धूळ गाळून मोजण्यास प्रारंभ केला. अटलांटिक महासागर ओलांडून येणारी सहाराची धूळ तेथें वर्षानुवर्षें मोजली गेली. परंतु बेटावर उभें राहून पाहुणा आला एवढेंच समजतें. तो कोणत्या गांवाहून निघाला, कोणत्या वाटेनें आला, हें समजत नाहीं. त्याला वरून पाहणारा डोळा पाहिजे.

असा एक डोळा मिळाला तो मात्र योगायोगानें. १९७८ सालीं अमेरिकेनें 'निंबस-७' हा उपग्रह आकाशांत सोडला. त्यावरील एक यंत्र वातावरणांतील ओझोन वायु मोजण्याकरितां बसविलेलें होतें, आणि त्यासाठीं तें पृथ्वीवरून परत येणारे अतिनील किरण तपाशीत असे. हे किरण आपल्या डोळ्यांस दिसत नाहींत. पुढें १९९० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांच्या लक्ष्यांत आलें कीं, ओझोनच्या गणितांत कोठें कोठें जी तफावत पडते, ती धूर आणि धूळ यांची खूण आहे. स्वच्छ हवा अतिनील किरण विखरून परत पाठविते. धूळ मध्यें आली कीं ते शोषले जातात. झालें! ओझोनकरितां ठेवलेल्या जुन्या वह्या धुळीकरितां नव्यानें वाचण्यांत आल्या, आणि त्यांवरून २००२ सालीं प्रॉस्पेरो व त्याचे सहकारी यांनीं जगांतील धुळीच्या उगमांचा नकाशा प्रसिद्ध केला.

या नकाशानें एक रूढ समजूत खोटी ठरविली. धूळ म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें वाळूच्या टेंकड्या येतात. वस्तुतः वाळूचा कण जड असतो. वारा त्याला उचलतो, पण लवकरच खालीं टाकतो. शेंकडों कोस जाते ती गाळाची, पिठाहून मऊ अशी माती. आणि अशी माती सांठते कोठें? जेथें पूर्वीं पाणी सांठत होतें तेथें! नकाशावरील उगम पुष्कळ ठिकाणीं सखल जागीं, आटलेल्या तळ्यांच्या व लुप्त झालेल्या नद्यांच्या पात्रांत निघाले. वाळूचे जड कण उड्या मारीत जातांना त्या कोरड्या गाळावर आदळतात. त्या आघातानें बारीक माती सुटते आणि ती वाऱ्याबरोबर निघून जाते. वाळू ही जणूं मुसळ, आणि उडते तें पीठ निराळेंच.

आफ्रिकेंतील चाड देशाच्या उत्तर भागांत बोदेले नांवाचा एक खोलगट प्रदेश आहे. पृथ्वीच्या पाठीवर धुळीचा इतका मोठा उगम दुसरा नाहीं, असें मानतात. तिबेस्ती आणि एनेदी या दोन डोंगरांमधील खिंडींतून वारा तेथें असा घुसतो, कीं वर्षांतील सुमारें शंभर दिवस तेथें वादळ उठतें. कांहीं हजार वर्षांपूर्वीं या जागीं एक सरोवर होतें. त्या वेळच्या महा-चाड सरोवराचा विस्तार सध्याच्या महाराष्ट्र राज्याहूनहि मोठा होता. त्यांत डायटम नांवाचे, सिलिकेचें कवच असलेले अगणित सूक्ष्म जीव वाढले, मेले आणि तळाशीं बसले. सरोवर आटलें, कवचांचा पांढरा थर उघडा पडला, आणि आज वारा तोच थर खरवडून नेत आहे. वाळवंटाच्या धुळींत गोड्या पाण्याचे जीव कसे, या कोड्याचा उलगडा येथें होतो. ती धूळ वाळवंटांतून येते खरी, पण तिचें मूळ गांव मेलेलें सरोवर असतें.

आतां, हजारों किलोमीटर उंचीवरून धूळ ओळखतात तरी कशी? निळ्या समुद्रावर पिंवळसर पट्टा दिसला, तर तो लहान मूलहि ओळखील. खरी अडचण वाळवंटावर येते. मातीच्या पाठीवर मातीचाच ढग, तो वेगळा कसा दिसावा? यावर शास्त्रज्ञांनीं दोन-तीन युक्ति काढल्या. क्रिस्तिना शू या विदुषीनें २००४ सालीं पुढें मांडलेली युक्ति अशी: आपल्या डोळ्यांस झगझगीत दिसणारें वाळवंट निळ्या प्रकाशांत पाहिल्यास काळपट दिसतें, तेव्हां त्याच प्रकाशांत पाहावें, म्हणजे वरची धूळ उठून दिसते. दुसरी युक्ति रात्रींहि चालते. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णतेचे अवरक्त किरण बाहेर टाकीत असतो. खालून येणाऱ्या या किरणांपैकीं कांहीं विशिष्ट लांबीच्या लहरी धुळींतील सिलिका अधिक शोषते आणि त्यांच्या शेजारच्या लहरी कमी. ढगांतील बर्फाच्या कणांची तऱ्हा याच्या उलट असते. दोहोंतील फरक मोजला कीं ढग कोणता आणि धूळ कोणती हें कळतें. युरोपच्या मेटिओसॅट उपग्रहांच्या चित्रांत हा फरक रंगानें दाखवितात, आणि तेथें धूळ चक्क गुलाबी दिसते! हे उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या गतीशीं गति जुळवून, एकाच जागीं टांगल्यासारखे राहतात आणि दर १५ मिनिटांनीं चित्र पाठवितात. २०१६ सालीं त्यांपैकीं एक हिंदी महासागराच्या देखरेखीकरितां पूर्वेकडे हलविण्यांत आला. आपल्या देशानेंहि २०१३, २०१६ आणि २०२४ या सालीं सोडलेल्या इन्सॅट मालिकेंतील उपग्रहांवर अशाच अवरक्त लहरी पाहणारीं यंत्रें बसविलीं आहेत.

परंतु या चित्रांत धुळीची लांबी-रुंदी दिसते, उंची दिसत नाहीं. ती पाहण्याची युक्ति मात्र आमच्या वाचकांच्या परिचयाची आहे. जुन्या कौलारू घरांत माजघरांतल्या काळोखांत छपराच्या फटींतून कवडसा पडे, आणि त्यांत नाचणारे धुळीचे कण पाहात मुलें तासन् तास बसत. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं या कणालाच त्रसरेणु हें नांव देऊन सर्व मापांचा आरंभ त्यापासून केला. २००६ सालीं सोडलेल्या 'कॅलिप्सो' उपग्रहानें याहून निराळें काय केलें? त्यानें आकाशांतून लेसर किरणांचा कवडसा खालीं सोडला, आणि तो कणांवर आपटून परत येण्यास किती वेळ लागतो त्यावरून धूळ किती उंचीवर आहे हें मोजलें. पाण्याचा थेंब गोल असतो, धुळीचा कण वेडावांकडा. परतणाऱ्या प्रकाशांत हा भेदहि उमटतो. हा उपग्रह २०२३ सालीं निवृत्त झाला. २०२४ सालीं सोडलेल्या 'अर्थकेअर' उपग्रहावरहि असेंच लेसरचें यंत्र आहे.

या कवडशानें काय दाखविलें तें ऐकण्यासारखें आहे. २००७ ते २०१३ या सात वर्षांच्या मोजणीवरून असें निघालें कीं, आफ्रिकेचा पश्चिम किनारा सोडून दरवर्षीं सरासरी १८ कोटि २० लक्ष टन धूळ समुद्रावर निघते. तींतील सुमारें २ कोटि ७७ लक्ष टन दक्षिण अमेरिकेंतील अॅमेझॉनच्या खोऱ्यांत पडते, आणि तिच्याबरोबर सुमारें २२,००० टन फॉस्फरस त्या अरण्यास मिळतो. पावसानें व पुरानें तेथील जमिनीचा जेवढा फॉस्फरस वाहून जातो, जवळ जवळ तेवढाच हा आहे. यांत बोदेलेचा वांटा किती, याविषयीं शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; पण एका खंडाच्या वाळवंटाचें खत दुसऱ्या खंडाच्या अरण्यास पोंचतें, हें आतां मोजून सिद्ध झालें आहे. आपल्याकडेहि असा एक संबंध दिसून आला आहे. व्ही. विनोज व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं असें दाखविलें, कीं पावसाळ्यांत अरबी समुद्र व पश्चिम आशिया यांवरील हवेंत धूळ वाढली, तर ती उन्हानें तापून दमट वाऱ्यांस जोर देते, आणि आठवड्याभरांत मध्य भारतांत पाऊस वाढतो. तेव्हां धुळीला सरसकट शत्रु म्हणण्याचें कारण नाहीं. ती सृष्टीच्या देवघेवींतील एक जुनी वाहतूकदार आहे.

मग प्रश्न कोठें आहे? तो येथें आहे, कीं बोदेलेचें सरोवर निसर्गानें आटविलें, पण कांहीं सरोवरें माणसानें आटविलीं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें दरवर्षीं हवेंत मिसळणाऱ्या सुमारें २०० कोटि टन धुळीपैकीं निदान चौथा हिस्सा माणसाच्या करणीचा आहे. मध्य आशियांतील अरल समुद्राचें पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतीकडे वळविण्यांत आलें. समुद्राचा तळ उघडा पडला, आणि आतां तेथून मीठ व शेतांतील विषारी औषधें यांनीं भरलेली धूळ उठते. इराण व अफगाणिस्तान यांच्या सीमेवर हामून नांवाचीं सरोवरें हेल्मंद नदीच्या पाण्यावर जगत. या पाण्याच्या वांटणीचा करार दोन देशांत १९७३ सालीं झाला. तरी दुष्काळ आणि नदीच्या वरच्या अंगास होणारा पाण्याचा उपसा यांमुळें सरोवरें वारंवार कोरडीं पडूं लागलीं. तेथें उन्हाळ्यांत 'एकशेंवीस दिवसांचा वारा' म्हणून प्रसिद्ध असलेला वारा वाहतो. जेथें पूर्वीं मासे धरीत, तेथून आतां तो धूळ उचलतो. जवळचें झाबोल शहर २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या यादींत सूक्ष्म धुळीच्या बाबतींत जगांत पहिलें आलें. त्या उन्हाळी धुळीचे लोट दक्षिणेस वाहात वाहात अरबी समुद्रावर येतात. हा समुद्र आमच्याहि किनाऱ्याला लागतो.

पूर्वीं अशा ठिकाणीं वादाला अंत नसे. वाऱ्यावर आलेल्या मातीवर कोणाच्या नांवाची चिठ्ठी नसते. ज्याच्या घरांत ती पडली त्यानें झाडावी, एवढाच व्यवहार होता. उपग्रहांनीं हा व्यवहार बदलला. आतां धूळ उठली तो तास, उठली ती जागा आणि गेली ती वाट, तिन्ही चित्रांत राहतात. पाणी अडविणारा एक, धूळ खाणारा दुसरा, आणि दोहोंत शेंकडों कोसांचें अंतर. या दोघांना एका सूत्रांत बांधणारी साक्ष प्रथमच हातीं आली आहे.

साक्ष मिळाल्यावर उपाय होतो काय? होतो; पण तो महाग पडतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील ओवेन्स सरोवराचें पाणी १९१३ पासून लॉस एंजेलीस शहरानें कालव्यानें नेलें. १९२६ पर्यंत सरोवर आटलें, आणि त्याचा तळ त्या देशांतील धुळीचा अत्यंत मोठा उगम होऊन बसला. पुढें कायद्यानें शहरास त्याबद्दल जबाबदार धरलें. उथळ पाणी सोडणें, खारट जमिनींत तग धरणारें गवत लावणें, खडी पसरणें, अशा उपायांवर शहरानें आजपर्यंत दोन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च केला, तेव्हां कोठें धूळ बरीचशी बसली. अरलच्या उत्तर भागांत २००५ सालीं कझाकस्ताननें बांध पुरा केला आणि तेथील पाणी पुन्हां चढलें. तळें आटविणें सोपें, भरणें कठीण. पण अशक्य नाहीं, एवढा धडा यांतून मिळतो.

उपग्रहाच्या साक्षीला मर्यादाहि आहेत, त्या लपविणें योग्य होणार नाहीं. दाट ढगांखालची धूळ त्याला दिसत नाहीं. धूळ वरच्या वर निघून जात आहे कीं आपल्या नाकाशीं आली आहे, हें बहुतेक चित्रांवरून सांगतां येत नाहीं. लेसरचा कवडसा तें सांगतो, पण तो अगदीं अरुंद रेघेवरच पडतो. म्हणून जमिनीवरील मोजयंत्रें, वाऱ्याचें गणित आणि आकाशांतील चित्रें यांची सांगड घालावी लागते. या कामाकरितां जागतिक हवामान संघटनेनें २००७ पासून एक खास व्यवस्था चालविली असून, तिच्यामुळें धुळीचा अंदाज एक-दोन दिवस आधीं वर्तवितां येतो. त्या जानेवारींत कराचीवरून निघालेल्या धुळीला मुंबईस येण्यास जवळ जवळ एक दिवस लागला. दम्याच्या रोग्याला औषध जवळ ठेवण्यास, म्हाताऱ्या माणसांनीं सकाळचें फिरणें टाळण्यास, आणि तान्ह्या मुलाच्या खोलीची खिडकी लावण्यास एक दिवस पुष्कळ आहे. आकाशांत दिसलेली गोष्ट वेळेवर घरांत कळली पाहिजे, एवढेंच. असा इशारा मिळाल्यास केरसुणीनें धूळ उडविण्यापेक्षां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें, हें आमच्या भगिनींस सांगण्याची गरज नाहीं.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. समुद्रापलीकडील धूळ वर्षाकांठीं एखाद-दुसऱ्या वेळीं येते. शहरांतील बांधकामांची, उखडलेल्या रस्त्यांची व गाड्यांची धूळ रोज येते. पाहुण्या धुळीचें निमित्त करून घरच्या धुळीला माफी देणें हा न्याय नव्हे. २३ जानेवारीस ज्यांनीं बांधकामाला दोष दिला, त्यांचें त्या दिवसापुरतें चुकलें; इतर दिवशीं तेच खरे ठरण्याचा संभव अधिक. धूळ खिडकींतून येते हें गृहिणीचें उत्तरहि म्हणूनच टाकाऊ नाहीं. तिनें दाखविलेलें बोट प्रथम आपल्याच रस्त्यावर पडतें, आणि त्याच दिशेनें पुढें पाहात गेल्यास तें केव्हां केव्हां एखाद्या आटलेल्या सरोवरापर्यंत पोंचतें. दोन्ही ठिकाणीं विचारावयाचा प्रश्न एकच आहे: येथें पूर्वीं काय होतें, आणि तें कोणीं नाहींसें केलें?